प्लँक्टनवाल्याला मानसशास्त्र कशाला?

कोणीतरी विचारलंय, प्लँक्टनचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा अभ्यास करणाऱ्याला मानसशास्त्र कशाला पायजे, आणि बेळगावात बसून आपल्याला त्याचं काय. अहो म्हादई नदी आपल्या खानापुरातनंच निघते की, पणजीला समुद्रात जाते, म्हणजे त्या समुद्राशी आपलं नातं आहेच! दुसरं म्हणजे लाटा निळ्या चमकायला लागल्या की आपल्याकडचे लोक गाड्या भरून चोर्ला घाटातनं गोव्याला पळतात, रील्स काढतात, पण ती चमक बऱ्याचदा नॉक्टिलुका नावाच्या प्लँक्टनची असते आणि ते फार माजलं की पाण्यातला ऑक्सिजन घटू शकतो, हे कोण बघतंय. साधे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळासारखे प्लँक्टन, चमकत नाहीत, माशांची अन्नसाखळी त्यांच्यावर, त्यांना कोण विचारत नाही. सुंदर दिसलं की चांगलंच असणार असं लोकांना का वाटतं ते प्लँक्टन पकडायच्या जाळ्यात सापडत नाही, लोकांनाच विचारायला लागतंय, म्हणून मानसशास्त्र.