विषय: पेट्रोलच्या पावत्यांचा डबा

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सी सोडून दीड वर्ष झालं तरी तिथल्या आपल्या ईमेल यादीतून नाव काढलेलं नाही, त्याचा आज फायदा घेते. पुण्यात मी इंटिरियरची कामं करते. सकाळी कोथरूड, दुपारी वाघोली, मध्येच टिंबर मार्केट. पेट्रोल महिन्याला बारा हजारांच्या घरात जातं. तिकडे कर भरताना बरं होतं: कामाचे मैल वहीत लिहायचे, २०२५ सालचा दर मैलाला ७० सेंट, गुणाकार केला की तेवढा खर्च उत्पन्नातून वजा. इथे किलोमीटरमागे किती धरतात? पावत्या श्रीखंडाच्या डब्यात साठवल्यात, पण निम्म्यांवरची शाई उडून कोरे कागद उरलेत.

— कोथरूडकर

*

अगं, स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला इथे किलोमीटरचा दर नाहीच. खरा झालेला खर्च दाखवायचा, तोही कामापुरता. आईला घेऊन सारसबागेच्या गणपतीला गेलीस ते पेट्रोल त्यात नको. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ३७ होतं. गाडीचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, वर्षाला १५ टक्के, तोही त्याच प्रमाणात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत.) जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, शोधू नकोस, पेट्रोल अजून जीएसटीत आलेलंच नाही.

पण आधी सांग, मागचं रिटर्न कसं भरलंस?

— सीएकाका

*

काका, ४४एडीए, त्या जुन्या कायद्यातलं अंदाजे उत्पन्नाचं कलम. सगळे तेच भरतात म्हणाले.

*

मग पावत्या कशाला जपतेस? त्यात वर्षभरात मिळालेल्या फीच्या, म्हणजे जमेच्या, निम्मं उत्पन्न धरतात. २८ लाख जमा असेल तर १४ लाखांवर कर, आणि उरलेल्या १४ लाखांत पेट्रोल, घसारा, फोन, सगळं आलं. त्यावर पेट्रोल वेगळं मागता येत नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाखांची, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५.

खर्चच निम्म्याहून जास्त असेल तर गोष्ट वेगळी. पण मग वह्या ठेव, ऑडिट करून घे, त्याची फी भर. प्लायवूड, हार्डवेअरचे पैसे कोण देतं, तू की घरमालक?

— सीएकाका

*

घरमालकच, परस्पर दुकानदाराला. माझी फक्त फी.

*

मग पेट्रोल धरूनही निम्म्याच्या जवळपास जायची नाहीस. बारा हजार म्हणजे वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस. पुढच्या वर्षीही याच पद्धतीने भर, फक्त नव्या कायद्यात ४४एडीएच्या जागी कलम ५८ आहे.

*

डबा घासून ठेवलाय. आई म्हणते, पुन्हा श्रीखंड आण.

— कोथरूडकर