परकीय गुंतवणूक आली की निर्यातीत वैविध्य येतं, हे कुणी तपासून पाहिलंय का?

ताळेबंद: विकसनशील देशांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: परकीय गुंतवणुकीला दारं उघडा, निर्यातीत वैविध्य आपोआप येईल. हे 'आपोआप' मला पचत नाही. नायजेरियातून 1958 पासून तेल निर्यात होतंय, परदेशी कंपन्या तेव्हापासून आहेत. आजही निर्यातीचा मोठा भाग तेल आणि वायूचाच. भांडवल नफ्यामागे जातं. तुमच्या निर्यातीची यादी लांबवायला कोणी येत नाही.

उलटतपासणी: सोयीचं उदाहरण निवडलंत! तेलविहिरीची कारखान्याशी तुलना कशी होईल? कोस्टा रिका बघा. एकेकाळी कॉफी आणि केळी. 1996 मध्ये इंटेलने तिथे कारखाना काढायचं जाहीर केलं आणि चित्र पालटलं. 2014 मध्ये इंटेलने चिप जुळणी-चाचणीचं काम आशियात हलवायचं ठरवलं, तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. पण तोवर वैद्यकीय उपकरणांच्या परदेशी कंपन्या जम बसवून होत्या. आज तीच तिथली सर्वात मोठी निर्यात आहे.

ताळेबंद: मान्य. पण कोस्टा रिकाने शिक्षणावर आधी कित्येक दशकं खर्च केला होता, तो कुठल्या खात्यात मांडायचा? आणि मुक्त क्षेत्रातल्या, म्हणजे करसवलतीच्या खास औद्योगिक पट्ट्यातल्या, त्या कंपन्या स्थानिक पुरवठादारांकडून घेतात तरी किती?

चौकस: दोघंही बांगलादेश विसरलात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या 'देश गार्मेंट्स'ने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे 130 जणांना शिकायला कोरियात धाडलं. परतल्यावर त्यातले बहुतेक काही वर्षांत कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या जिवाला घोर, देशाची मात्र चांदी. त्यांच्यासोबत धंद्याची रीतही पसरली. बॅक-टू-बॅक एलसीचंच घ्या. एलसी म्हणजे 'लेटर ऑफ क्रेडिट', माल मिळाल्याची कागदपत्रं दाखवली की पैसे देण्याची बँकेची हमी. परदेशी ग्राहकाची एलसी तारण ठेवून बँक कापड आणायला दुसरी एलसी उघडते, कापडाचे पैसे निर्यातीचे आले की चुकते होतात. खिशात भांडवल नसलेला माणूसही निर्यातदार होऊ शकला तो यामुळे.

उलटतपासणी: म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की!

चौकस: थांबा. देवूचं त्यात भागभांडवल नव्हतं, रॉयल्टी आणि विक्रीवर कमिशन होतं. आलं ते कसब आणि बाजाराची ओळख, गुंतवणूक नव्हे. शिवाय ताग मागे पडून कपडे आले खरे, पण आता निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त कपडेच. एक खुंटी सोडून दुसरीला बांधून घेतलं.

वाटसरू: आणि गिऱ्हाईक? इथिओपियात हवासाचं औद्योगिक संकुल 2016 मध्ये सुरू झालं, परदेशी कंपन्यांनी कपडे शिवायला घेतले. भरवसा अमेरिकेच्या शुल्कमुक्त सवलतीवर. तिथल्या यादवी युद्धामुळे ती 1 जानेवारी 2022 पासून गेली, पीव्हीएच ही अमेरिकी कपडे कंपनी तर आधीच कारखाना बंद करून निघाली. माल नवा, पण सगळा एकाच दाराने जाणारा.

उलटतपासणी: मग काय, गुंतवणूक नाकारायची?

ताळेबंद: नाकारा कोण म्हणतंय? अटी घाला म्हणतोय. अर्थात तिथेही गोची आहे. ठरावीक टक्के माल स्थानिकच घ्या, ही अट 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिम्स करारात (गुंतवणुकीवर घालायच्या अटींबद्दलचा करार) बसत नाही. आधीच्या पिढीतल्या देशांनी ती सर्रास वापरली होती. उरतं ते पुरवठादारांना प्रशिक्षण, चाचणी प्रयोगशाळा आणि स्वस्त कर्ज. करसवलतीच्या घोषणेपुढे या कामांकडे कुठला मंत्री बघतो?