तारीख ठरवताना तिथी बघा

कुत्र्याला घेऊन समुद्रकिनारी कॅम्पिंगला जायचं तर ‘पेट्स अलाउड’ (पाळीव प्राणी चालतील) लिहिलेलं दिसलं की बुकिंग करून टाकावं, असं वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूजवळच्या बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. जिथे उतरलो तिथे कुत्र्याला परवानगी होती, पण तंबूत नाही, रात्रभर बाहेर बांधून! आमची राणी घरात झोपणारी, तिला तसं कसं ठेवणार? शेवटी मी तिच्यासोबत गाडीतच झोपलो. तेव्हा कुत्रं रात्री कुठे झोपणार, आवाराला कुंपण आहे का आणि तिथली कुत्री मोकळी असतात का, हे फोनवर स्पष्ट विचारा.

इथे अजून कुणी भरती-ओहोटीचा विषय काढलेला नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. नेमकी वाळू गार असते तेव्हा किनारा मोकळा मिळतो, मुलं आणि कुत्रं मनसोक्त पळतात. बोर्डीला तर पाणी खूपच आत जातं. अष्टमीच्या आसपास हे उलटं होतं. मोकळा किनारा मिळतो तो भर उन्हात, आणि तापलेल्या वाळूने पंजे भाजतात. एवढंच की पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरतीचं पाणी नेहमीपेक्षा वर येतं, त्यामुळे तंबू सुरूच्या झाडांच्या मागेच हवा. कॅम्पर व्हॅनवाल्यांनी ओहोटीची ओली वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी खाली नेऊ नये, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही. परतल्यावर कुत्र्याला गोड्या पाण्याने धुवा, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.