मदत हवी आहे: जमीन फुगली, भूकंप वाढले, उद्रेक होणार की नाही हे कशावरून ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रबंधासाठी दोन ज्वालामुखींची तुलना करते आहे आणि पुरती अडकले आहे. इटलीतल्या काम्पी फ्लेग्रेईत १९८२ ते १९८४ दरम्यान पोत्सुओली शहराची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो भूकंप झाले, जवळपास ४० हजार लोकांना हलवावं लागलं. उद्रेक झालाच नाही. आइसलंडमधलं स्वार्तसेंगी २०२३च्या ऑक्टोबरअखेर फुगू लागलं, तेही सेंटिमीटरांत मोजावं एवढंच. १० नोव्हेंबरला सुमारे १५ किलोमीटर लांब भेगेत शिलारस घुसला, ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामं केलं आणि १८ डिसेंबरला लाव्हा बाहेर पडला. मग फुगवट्याच्या आकड्याला अर्थ तरी काय?

दुसरी अडचण मोगी मॉडेलची, म्हणजे फुगवट्याचा स्रोत जमिनीखालचा एक बिंदू मानून त्याची खोली आणि घनफळ काढणाऱ्या गणिताची. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या उतरत्या कक्षेतल्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे जातानाच्या) प्रतिमांवरून इनसार केलं आहे, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या प्रतिमांची तुलना करून जमीन किती हलली ते काढलं आहे. स्रोत उथळ आणि लहान धरला काय किंवा खोल आणि मोठा धरला काय, दोन्ही जवळपास सारखेच जुळतात. खोली पक्की कशी करू?

प्रतिसाद १
आधी मोगीचं. एका कक्षेतून उपग्रहाला फक्त त्याच्या दृष्टिरेषेतलं विस्थापन दिसतं. उभं आणि आडवं त्यात मिसळलेलं असतं. चढत्या कक्षेच्या प्रतिमा घ्या, जीपीएस केंद्रांची आडवी विस्थापनं जोडा. मोगीत आडवं भागिले उभं म्हणजेच केंद्रापासूनचं अंतर भागिले खोली. घनफळ या गुणोत्तरातून निघून जातं, म्हणून खोली स्वतंत्रपणे मिळते. सगळ्या केंद्रांवरून एकच खोली येत नसेल, तर बिंदुस्रोत सोडून सिल, म्हणजे खडकाच्या थरांमध्ये आडव्या चकतीसारखा पसरलेला शिलारस, धरून बघा. स्वार्तसेंगीसाठी मी तोच आधी लावेन.

उंच ज्वालामुखीवर हवेतल्या बाष्पामुळेही फुगवट्याचा भास होतो. इनसार प्रतिमेतले रंगीत पट्टे उंचीरेषांना धरून चालत असतील तर संशय घ्या.

प्रतिसाद २
तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. सगळीकडे चालेल असा उंबरठा नाही, आणि नुसत्या वेगावरही विसंबू नका. १९८० साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उत्तर उतार दिवसाला दीड-दोन मीटर या एकसारख्या गतीने बाहेर येत होता. १८ मेच्या सकाळी ५.१चा भूकंप झाला आणि तो उतारच कोसळला. त्याआधी गती वाढलेली नव्हती. पापुआ न्यू गिनीतल्या राबाउल ज्वालामुखीत १९८३ ते १९८५चं भूकंप-फुगवट्याचं संकट उद्रेकाविना ओसरलं, १९९४ साली मात्र जोरदार भूकंपांनंतर जेमतेम सव्वा दिवसात उद्रेक झाला.

मी भूकंप सरकताहेत का ते बघतो. पोत्सुओलीचे धक्के सोल्फातारा या तिथल्या विवराच्या आसपासच राहिले. आइसलंडमध्ये १० नोव्हेंबरला ते एका रेषेत पुढे गेले, त्याच वेळी स्वार्तसेंगी खचलं आणि रेषेच्या दोन्ही बाजूंची जमीन फाकली. म्हणजे शिलारस जमिनीखालच्या कोठीतून निघाला होता. तरी त्या रात्री तो वर आला नाही, हेही प्रबंधात ठळक मांडा.

धागाकर्ती
खूप आभार! चढत्या कक्षेच्या प्रतिमा घेतेच. १० नोव्हेंबरचे केंद्रबिंदू तासागणिक मांडायचे आहेत, पण मोठ्या धक्क्यांच्या गर्दीत छोटे यादीतून सुटलेले दिसतात. काय करू?

प्रतिसाद २
यादी कोणत्या मॅग्निट्यूडपासून पूर्ण आहे ते त्या काही तासांसाठी वेगळं काढा, शांत दिवसांची मर्यादा तिथे वापरू नका. त्याखालचे धक्के मोजणीतून वगळा. सरकण्याची दिशा मोठ्या धक्क्यांवरूनही दिसेल. फक्त त्यांची स्थानं शेजारच्या धक्क्यांच्या सापेक्ष पुन्हा काढून घ्या.