त्रिकोणातील आकडा कशाचा?

प्लास्टिक उद्योगाच्या पैशावर चालणारे शिक्षकांचे निवासी अभ्यासक्रम म्हणजे निव्वळ जाहिरात, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. अशा एका वर्गात मी स्वतः राहून आलो आहे आणि दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवरून चिमट्याने नायलॉनचा अखंड धागा ओढताना बहुवारिकीकरण (लहान रेणू जोडले जाऊन लांब साखळी बनणे) जसे उमगले, तसे ते पाठ्यपुस्तकातून कधीच उमगले नव्हते. (त्या धाग्याला हात लावायचा नसतो, हेही तिथेच कळले.)

मात्र पक्षपात शोधायचा असेल, तर तो प्रयोगांत नव्हे, वगळलेल्या मजकुरात शोधावा. आमच्याकडून बाटलीच्या तळावरील बाणांच्या त्रिकोणातील १ ते ७ हे आकडे पाठ करून घेतले गेले. पण ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्याच संघटनेने आणली, ती केवळ राळेचा, म्हणजे वस्तू ज्या प्लास्टिकची आहे त्याचा, प्रकार सांगते आणि वस्तूचे पुनर्चक्रण (रिसायकलिंग) होईलच अशी हमी देत नाही, हे कोणी सांगितले नाही. बाणांमुळे होणारा हा गैरसमज टाळण्यासाठी २०१३ मध्ये या खुणेच्या मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण घेण्यात आला, तरी जुने साचे असल्याने बाण अजूनही सर्रास दिसतात.