अनुभव धागा : फ्लॉरेन्सची चर्च आणि संग्रहालये, पाहिलेली आणि राहून गेलेली

धागाकर्ती (फोंडा)
गेल्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्यात बॉम जेझूसला गेले होते. सेंट झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोने पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला आणि तो १६९८ मध्ये इथे बसवला गेला, हे मी नेहमीप्रमाणे सांगून गेले. सांगता सांगताच लक्षात आले, की फ्लॉरेन्समध्ये चार दिवस राहूनही त्याच फोज्जिनीचे तिथले काम मी पाहिलेले नाही. आम्ही कार्मिनेच्या चर्चपर्यंत गेलो होतो, पण ब्रँकाची चॅपेलमधली मासाच्चोची भित्तिचित्रे पाहून परतलो. स्वर्गातून हाकललेल्या इव्हचे उघडे तोंड आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन काळसर खाचा, एवढेच डोळ्यांत भरून राहिले. फोज्जिनीची संगमरवरी उठावशिल्पे त्याच चर्चच्या दुसऱ्या बाजूला, कोर्सिनी चॅपेलमध्ये आहेत, हे घरी आल्यावर कळले. आपापले अनुभव लिहा. राहून गेलेले आधी लिहा.

मुलुंडची आजी
आमचे तर सगळेच राहून गेले असते. सहलवाल्यांनी उफीझी आणि अकादेमिया या दोन्ही कलासंग्रहालयांसाठी सोमवार ठेवला होता आणि सोमवारी दोन्ही बंद असतात. अकादेमियातला मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड पुतळा हुकला, त्याची प्रतिकृती चौकात पाहून समाधान मानले. मात्र त्या मोकळ्या वेळात कॅथीड्रलच्या मागचे संग्रहालय मिळाले, जिथे गिबेर्तीचे मूळ सोनेरी दरवाजे ठेवले आहेत. बाप्तिस्मागृहाला आता लावलेले आहेत ते नकलेचे.

सध्या म्युनिक
आजी, सोमवारचा फटका आम्हालाही बसला होता. कॅथीड्रलच्या घुमटावर कुणी गेले आहे का? पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीने एकात एक असे दोन घुमट बांधले असून जिना त्या दोहोंच्या मधून जातो. शेवटी शेवटी भिंत इतकी कलते, की माणूसही तिच्यासोबत वाकूनच चढतो. वर पोहोचल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, की हेच शहर खालून दिसत नव्हते का.

मुलुंडची आजी
त्यांना माझा पूर्ण पाठिंबा कळवा.

कोल्हापूरकर
ताई, राहून गेलेले लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा वय अवघे वीस होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आत फुलर या इंग्रज शिल्पकाराने केलेला अर्धपुतळा आहे, आणि फेट्याचा व अंगरख्याचा रंग दगडावरही राखलेला आहे. ती छत्री कॅशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला असल्यामुळे चर्च पाहणाऱ्यांपैकी तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. मी गेलो तेव्हा शेजारी दोन म्हातारे कुत्र्यांना फिरवत होते. त्यांना बहुधा हा रोजचाच शेजारी.

धागाकर्ती (फोंडा)
हे मला ठाऊकच नव्हते. नदीवरचा तो ‘इंडियानो’ नावाचा पूल यावरूनच का?

कोल्हापूरकर
हो, त्यांच्यावरूनच. तिथे त्यांना ‘इंडियानो’ म्हणजे ‘भारतीय’ एवढेच म्हणतात.

डोंबिवलीची शिक्षिका
माझे मत सान मार्कोला. तिथे मठाच्या प्रत्येक खोलीत एक भित्तिचित्र आहे, एका साधूला ध्यानासाठी एक. जिना चढताच समोर फ्रा आंजेलिकोची देवदूत आणि मेरी दिसतात. चित्रात सोन्याचा भपका नाही, मेरी साध्या लाकडी बाकड्यावर बसलेली आहे. सान्ता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि माकियावेल्ली यांच्या समाध्यांपुढे एवढी गर्दी होती, की मी १९६६ च्या पुरात भिजून रंग गळालेला चिमाबुएचा क्रूसच जास्त वेळ पाहत बसले.

सध्या म्युनिक
धागाकर्तीताई, फोज्जिनीसाठी पुन्हा जाणारच असाल तर अकादेमियाजवळचे रंगीत दगडांच्या जडावकामाचे छोटे संग्रहालयही पाहा. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याने १५८८ मध्ये काढलेल्या कारखान्याचा तो वारसा आहे. दगडाचा नैसर्गिक डागच पाकळीची सावली म्हणून कसा बसवतात, ते तिथे भिंगाशिवाय दिसते.

धागाकर्ती (फोंडा)
जायचे ठरलेच आहे. कार्मिने, मग संगम. आणि या वेळी सोमवार प्रवासात घालवायचा.