बेसिनखालचं कपाट : मरीन प्लाय की डब्ल्यूपीसी? आणि ओट्याला दगड कोणता? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या जुन्या घराचं बाथरूम नव्याने करतोय. फरशा, नळ ठरले. अडलंय ते बेसिनच्या ओट्यावर आणि त्याखालच्या कपाटावर.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी सगळं बोरिंगवर. ते इतकं जड की बादलीलाही पांढरा थर धरतो. शिवाय बाथरूम रोज बादलीने पाणी ओतून धुतलं जातं, आणि ती सवय बदलणार नाही. आधीचं साध्या प्लायचं कपाट जमिनीला टेकलेलं होतं. खालून फुगलं, सनमायका सुटला, मागे झुरळं झाली. म्हणून आता भिंतीवर टांगलेलं, जमिनीपासून फूटभर वर. सासूबाई स्टुलावर बसून तोंड धुतात, त्यामुळे बेसिनखाली गुडघ्यांना जागा मोकळी हवी. कपाट फक्त उजवीकडे. ओटा साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद.

सुतार मरीन प्लायचा (पाण्याला टिकेल असा खास प्लाय) आग्रह धरतोय. सियागंजातले दुकानदार म्हणतात, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) न्या, पाण्याची चिंता नाही. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ छापलेल्या प्लायवर माझा विश्वास नाही. घेतला तर आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच, कारण त्यात ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवायची चाचणी असते. पण पाइपासाठी भोकं पाडली, कडा कापल्या, की तिथून ओल शिरणारच ना? उलट डब्ल्यूपीसीमध्ये बिजागरीचे स्क्रू टिकतात का? ज्यांच्या घरी काही वर्षं वापरात आहे, त्यांनी कृपया सांगा.

दगडाचंही तसंच. सासूबाईंना पांढरा संगमरवर आवडतो, पण अ‍ॅसिडवाल्या क्लीनरचा एक थेंब पडला तरी त्याची चकाकी जाते, म्हणून मी ग्रॅनाइटवर ठाम आहे. काळ्यावर क्षार उठून दिसतील अशी भीती वाटते. करड्या ठिपक्यांचं घ्यावं का? पॉलिश की लेदर फिनिश (चामड्यासारखा किंचित खडबडीत पृष्ठभाग)?

प्रतिसाद

ताई, आधी भिंत किती जाड आहे ते बघा. १८ मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं. तुमचा ओटा बेसिनचं भोक पाडायच्या आधी २७-२८ किलोंचा. त्यावर बेसिन, शिवाय आई उठताना ओट्यालाच हात टेकणार. चार इंची आडभिंत असेल तर नुसत्या खिट्ट्यांवर सोडू नका, खाली स्टीलच्या अँगलची चौकट करून घ्या. दगडाचा भार कपाटावर अजिबात नको.

कपाटाला मी डब्ल्यूपीसीच म्हणेन, कारण तुमच्याकडे पाणी खालून उडणार. बोर्ड जड, घट्ट बघून घ्या; पोकळ किंवा हलका नको. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायला लावा, थेट ठोकला की पकड जाते. दारं छोटी ठेवा, बिजागऱ्या एसएस ३०४ च्या (न गंजणाऱ्या स्टीलच्या). प्लायच घेतलात तर प्रत्येक कापलेली कड, पाइपाच्या भोकाची आतली बाजूसुद्धा, सील करून घ्या. सुतार नेमकं तेच टाळतात.

दगड करड्या ठिपक्यांचा, पॉलिशचा. लेदरच्या खाचांत क्षार बसतात, घासून जीव जातो. एक काम मात्र कारागिराकडून आवर्जून करून घ्या : ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारायला सांगा. ओघळ तिथेच तुटून खाली पडतो, कपाटाच्या दारापर्यंत जात नाही.